छपरावर चढणाऱ्यांचे करारपत्र : प्रस्तावना

मृग लागायच्या आधीचे दिवस भंडारा जिल्ह्यात छपरांचे असतात. पवनीपासून तुमसरपर्यंत कोणत्याही जुन्या वस्तीतून जा, कुणाच्या तरी घरावर माणसे चढलेली दिसतील. कवेलू, म्हणजे छपराची कौले, फेरण्याचे काम चालू असते. वर बसलेला मिस्त्री ओळीने कवेलू उचलतो, फुटके वेगळे काढतो, साबूत असलेल्यांवरचे शेवाळ खरवडतो, खालच्या कुजलेल्या कमच्या बदलतो आणि ओळ पुन्हा बसवत आढ्याकडे सरकतो. शिडीच्या मध्यावर दुसरा उभा असतो. त्याच्या हाती खालून कवेलू देणारी बहुधा बाई असते. तिला इकडे रेजा म्हणतात. दोन-तीन दिवसांत घर पावसाला तयार होते. या दोन-तीन दिवसांचा कागद मात्र कुठेच नसतो. रोजी तोंडी ठरते, उचल हातावर ठेवली जाते, आणि कुणी घसरून पडले तर तो कुणाच्या कामावर होता हे सांगायला शेजाऱ्यांच्या आठवणीखेरीज काही उरत नाही.

ही पुस्तिका त्या कागदासाठी आहे. कवेलू आणि पत्र्याच्या कामाचा एक, स्लॅबच्या कामाचा एक आणि जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या टोळीचा एक, असे करारपत्राचे तीन नमुने तिच्यात दिले आहेत. सोबत एका पानाची हजेरी-पावती आहे. वकिलांना हे मसुदे फार साधे वाटतील. ते मुद्दाम साधे ठेवले आहेत, कारण ते भरणार आहेत मिस्त्री, ठेकेदार आणि घरमालक. तेही बहुतेक वेळा ओसरीवर उभ्या उभ्या.

छपरे बदलली आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवे. माकडांच्या उड्यांनी दरवर्षी कवेलू फुटतात, कवेलू घडवणारे कुंभार कमी झाले, फेरणारे जाणते हातही कमी झाले. म्हणून अनेकांनी टिनाचे पत्रे घातले. घरकुलांनी सिमेंटचा स्लॅब खेड्यात आणला. राईस मिल, धानाची गोदामे, शाळांच्या जुन्या इमारती यांच्यावर सिमेंटचे पत्रे आहेत आणि ते आता जुने, ठिसूळ झाले आहेत. काम बदलले तशी मजुरीची रीतही बदलली. कवेलूचे काम रोजीवर होते, पत्र्याचे फुटावर किंवा हुंड्याने, स्लॅबचे फुटावर. ठरवण्याची पद्धत मात्र जुनीच राहिली, सगळे तोंडी.

तोंडी करार कायद्याने खोटा नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या दृष्टीने ओसरीवर ठरलेला सौदाही करारच. म्हणून ‘कागद नाही तर हक्क नाही’ हा समज आधी काढून टाकायला हवा. मजुरीचा हक्क काम केल्याने मिळतो. तो सिद्ध करताना कागद लागतो, आणि छपरावरचा मजूर अडतो तो इथेच.

जिथे कागद होतो तिथेही तो कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. मोठ्या कामांवर ठेकेदार मुद्रांकावर टाइप केलेले करारपत्र पुढे करतो. मजकूर वर्षानुवर्षे एकाचा दुसऱ्याने उतरवून घेतलेला. त्यात मालकाचे पूर्ण नाव-पत्ता असतो, कामाचे मोजमाप असते, काम उशिरा झाले तर दंड असतो. मजुरांची नावे नसतात. ‘व इतर कामगार’ एवढ्यावर ती भागवलेली असतात. आणि शेवटाकडे एक वाक्य हमखास येते : कामावर असताना कोणताही अपघात झाल्यास त्यास मालक अथवा ठेकेदार जबाबदार राहणार नाही. खाली अंगठे.

या एका वाक्याने जिल्ह्यात किती घरांनी भरपाईची आशाच सोडली असेल, सांगता येत नाही. माणूस पडतो, मोडतो, कधी मरतो. घरचे लोक ठेकेदाराकडे जातात. तो कागद दाखवतो. आणि आपल्या माणसाने अंगठा दिलाय हे पाहून ते परत येतात. या वाक्याला कायद्यात काडीची किंमत नाही. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा आहे. त्याचे कलम १७ सांगत होते की कामगाराने भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कोणताही करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. म्हणजे अंगठा असला, साक्षीदार असले, मुद्रांक असला, तरी ते वाक्य नसल्यासारखेच. सामाजिक सुरक्षा संहितेने हा जुना कायदा आपल्यात सामावून घेतला, तेव्हा हे तत्त्वही तसेच पुढे आले. किमान वेतनाचेही तेच. किमान वेतनापेक्षा कमी घ्यायला मी राजी आहे, असे मजुराने लिहून दिले तरी ते लिहून देणे फुकट.

शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यात छपरावरच्या माणसाचा विचार झाला होता, हे वाचून आजही बरे वाटते. भरपाईस पात्र कामांची जी यादी त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, तिच्यात इमारतीचे बांधकाम, देखभाल, दुरुस्ती आणि पाडकाम येते. आणि इमारत कोणती, तर एकाहून अधिक मजल्यांची किंवा जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत बारा फूट वा जास्त उंचीची. आपल्याकडच्या जुन्या कवेलूच्या घराचे आढे मोजून पाहा. बरीच घरे बारा फुटांच्या वर भरतील. म्हणून नमुन्यात ‘जमिनीपासून आढ्यापर्यंतची उंची’ अशी एक जागा ठेवली आहे. काम सुरू होण्याआधी टेप लावून तो आकडा लिहायला एक मिनिट लागते. अपघातानंतर तोच आकडा ठरवायला वर्षे जातात, कारण तोवर घर पाडून नवे झालेले असते.

भरपाई किती, याचा हिशेब कायद्यात ठरलेला आहे. तो कुणाच्या दयेवर नाही. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार दिलेल्या गुणकाने गुणायचे. गेली काही वर्षे हिशेबासाठी धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७. म्हणजे महिन्याला १५,००० धरले तर ७,५०० गुणिले १८४.१७, एकूण १३,८१,२७५ रुपये. तेराव्याच्या खर्चाला म्हणून हातावर पन्नास हजार ठेवून ‘समझोता’ लिहून घेणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट वाचावा. अशा खासगी समझोत्यालाही, तो भरपाई आयुक्तापुढे रीतसर नोंदल्याशिवाय, बळ नाही.

आणखी एक वाक्य पडल्यानंतर लगेच कानावर येते : तो पिऊन होता. दारू पिऊन कुणीही छपरावर चढू नये, हे आम्ही नमुन्यातच लिहिले आहे आणि त्यात मागेपुढे पाहिलेले नाही. पण कायदा काय म्हणतो तेही माहीत असावे. दारूमुळे झालेली इजा, हा बचाव मालकाला किरकोळ इजांपुरता आणि अंशतः आलेल्या अपंगत्वापुरता मिळतो. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला, तर तो बचाव चालत नाही. विधवेने ‘नवरा पीत होता’ या एका बोलण्याने गप्प बसू नये.

आता खरा अवघड प्रश्न : मालक कोण? घर एकाचे, ठेका दुसऱ्याचा, टोळी तिसऱ्याची, आणि पडलेला माणूस टोळीतल्या मिस्त्रीचा साळा. प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. मिस्त्री तर स्वतः हातात थापी घेऊन इतरांसारखाच राबत असतो. त्याला ठेकेदार म्हणायचे की मजूर? फुटावर पैसे घेतो म्हणून तो ठेकेदार, असे सरळ मानले जाते. ते बरोबर नाही. या वादाची मुळे आपल्याच भागात आहेत, बिडीच्या कारखान्यांत. नागपूरच्या एका बिडी कारखान्याचा खटला, बिर्धीचंद शर्मा विरुद्ध प्रथम दिवाणी न्यायाधीश, नागपूर, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा निकाल १९६१ च्या निकालपत्रांत छापला गेला. तिथले मजूर हजार बिड्यांच्या दराने पैसे घेत, कारखान्याच्या वेळेत वाटेल तेव्हा येत-जात. मालकाचे म्हणणे, हे आमचे नोकरच नव्हेत. न्यायालयाने ते मानले नाही. काम कारखान्यात बसूनच करायचे होते आणि हलकी बिडी बाजूला काढण्याचा अधिकार मालकाचा होता. तेवढे नियंत्रण कामगार ठरवायला पुरले. लगेच पुढच्या वर्षी छापल्या गेलेल्या, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या बिडी कारखान्याच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने बहुमताने उलट ठरवले, कारण तिथे येण्या-जाण्यावर, गैरहजेरीवर जवळजवळ काहीच बंधन नव्हते. अशा गोंधळातून वाट काढायला १९६६ साली बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. छपरावरच्या माणसांसाठी तसा वेगळा कायदा नाही. म्हणून कामाची वेळ कोण ठरवतो, सामान कोण आणतो, वाईट काम पुन्हा करून घेण्याचा हक्क कुणाचा, मजुराला काढू कोण शकतो, हे चार प्रश्न नमुन्याच्या पहिल्याच पानावर विचारले आहेत. उत्तरे लिहिली की मालक कोण हे कागदच सांगतो. आणि त्याखाली एक जागा आहे, ‘मजुरी व भरपाई देण्यास जबाबदार व्यक्ती’. तिथे एकच नाव यावे. दोन नावे लिहिली की दोघेही सुटतात, असा अनुभव आहे.

राज्याचा कायदा नेमका कोणता, असे विचारणारे भेटतात. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने मूळ कायदे बरेचसे केंद्राचे आणि नियम, दर, मंडळे राज्याची, अशी रचना आहे. १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा केंद्राचा. त्याखालचे २००७ चे नियम आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ महाराष्ट्राचे. किमान वेतनाचे दर राज्य ठरवते, परिमंडळांप्रमाणे, आणि दर सहा महिन्यांनी जानेवारी व जुलैत विशेष भत्त्याने ते बदलतात. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या; सामाजिक सुरक्षा संहिता आणि वेतन संहिता त्यांतल्याच. तपशील बदलत राहणार. म्हणून मसुद्यांत आम्ही कलमांचे आकडे आणि वेतनाचे दर छापलेले नाहीत. ठरलेला दर लिहायची जागा आहे आणि त्यापुढे ‘हा दर आज लागू असलेल्या किमान वेतनाहून कमी नाही’ हे वाक्य. चालू दर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारता येतो. तो विचारायला लाजू नये.

कायद्याचे हात किती लांब पोचतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. १९९६ चा बांधकाम कायदा दहा किंवा अधिक मजूर असलेल्या आस्थापनेला लागू होत असे आणि दहा लाखांपर्यंतचे स्वतःचे राहते घर त्यातून वगळलेले होते. नव्या संहितांनी ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. ठेका कामगारांच्या तरतुदी पन्नास मजुरांपासून सुरू होतात. कवेलू फेरायला असतात चार जण, पत्रे चढवायला सहा. म्हणजे जिथे माणूस सर्वांत एकटा आहे, तिथे निरीक्षक, नोंदवह्या आणि सुरक्षा अधिकारी यांची यंत्रणा येतच नाही. नियुक्तिपत्र देण्याची सक्तीही मोठ्या कामांसाठीच. मजुरीचा आणि अपघात भरपाईचा हक्क मात्र टोळी लहान म्हणून नाहीसा होत नाही. मोठ्या कंपनीच्या गेटवरच्या कामगाराचा कागद कंपनी सांभाळते. चार जणांच्या टोळीचा कागद टोळीनेच सांभाळायचा आहे. ही पुस्तिका काढण्याचे कारण एवढेच आहे.

किमान वेतनाचा विषय निघाला की या जिल्ह्यात एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळताना १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून लोकसभेसाठी उभे होते. भंडाऱ्याने त्यांना निवडून दिले नाही. त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४८ चा कायदा झाला. त्याचा लाभ या जिल्ह्यातल्या रेजेला तरी पुरता मिळावा, ही अपेक्षा जास्त नाही.

रेजेबद्दल थोडे थांबून लिहितो. खालून वर कवेलू देणारी, माल कालवणारी, स्लॅबच्या दिवशी घमेली वाहणारी बाई कामाच्या कोणत्याही कागदात नसते. तिची रोजी मिस्त्रीच्या रोजीहून कमी असते ते कौशल्याच्या नावाखाली समजू शकतो. पण तेच घमेले वाहणाऱ्या पुरुषाहूनही ती कमी असते, याला काहीच आधार नाही. समान कामाला समान वेतन हा १९७६ पासून कायदा आहे आणि वेतन संहितेतही तो आहे. कित्येकदा तिची मजुरी नवऱ्याच्या हाती दिली जाते. नमुन्यातल्या तक्त्यात प्रत्येकाचे नाव, काम, दर आणि सही वेगवेगळी आहे. नवरा-बायको एकाच कामावर असले तरी दोन ओळी भराव्यात. पुढे कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायची वेळ आली की या दुसऱ्या ओळीचे मोल तिला कळेल.

मंडळाची नोंदणी १८ ते ६० वयाच्या आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला मिळते. बांधकामाच्या व्याख्येत दुरुस्ती आणि देखभालही असल्याने कवेलू फेरणारा त्यात बसतो. अडते ते नव्वद दिवसांवर. त्याचे काम दोन दिवस या घरी, तीन दिवस त्या घरी. रोवणी सुरू झाली की तो बांधीत उतरतो आणि छपरे थेट पुढच्या उन्हाळ्यात. दाखला मागायला गेला की ग्रामसेवक विचारतो, कशावरून? तो प्रश्न चुकीचा नाही. खोटे दाखले घेऊन मंडळाची पेटी आणि भांड्यांचा संच नेणारे आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या मिस्त्रीकडे संशयाने पाहिले जाते. पुस्तिकेतली हजेरी-पावती याच कामाची आहे. प्रत्येक घरमालकाने तारखा टाकून सही केली, की वर्षाअखेर त्या पावत्यांची बेरीज हाच पुरावा. कामावर असताना मृत्यू झाल्यास नोंदीत कामगाराच्या वारसांना मंडळाकडून पाच लाख रुपये मिळतात, नैसर्गिक मृत्यूत दोन लाख. नोंदणी चालू नसेल तर यातले काही मिळत नाही.

मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा असतो. तो पट्टा घराघरांत खुंटीला टांगलेला दिसतो, कारण कवेलूच्या छपरावर तो बांधायचा कशाला, हे कुणी दाखवलेले नसते. करारपत्रात सुरक्षेचे कलम ‘योग्य ती काळजी घ्यावी’ एवढ्यावर सोडणे म्हणजे काहीच न लिहिणे. म्हणून इथे कामाच्या वस्तू लिहिल्या आहेत. आढ्यावरून पलीकडच्या बाजूच्या भक्कम खांबाला किंवा झाडाला बांधलेला दोर कोण आणणार. छपरावर सरकायला फळ्या कोण देणार. केंद्राच्या १९९८ च्या बांधकाम नियमांत उतरत्या छपरांचा वेगळा भाग आहे आणि त्यात अशा फळ्यांची सक्ती आहे. फळी दिसायला साधी असली तरी माणसाचे वजन ती दोन-तीन वाशांवर वाटून देते. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवायचा तो फक्त बोल्टच्या ओळीवर, कारण खाली आडवा पाइप तिथेच असतो. दोन ओळींच्या मध्ये नुसता पत्रा, आणि जुना पत्रा वजन पडताच सूचना न देता तुटतो. वर धूळ बसून सगळा पत्रा सारखाच दिसतो. गिरणीच्या छपरावर चढवण्याआधी मालकाने हे दाखवून द्यावे आणि दाखवले म्हणून लिहावे. सकाळी दव असेल, पावसाची झड येऊन गेली असेल, तर शेवाळ वाळेपर्यंत काम नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना टिनावर दुपारी काम नाही. त्या वेळी पत्र्याला हात लावता येत नाही, मग पकड कशी राहणार? ही विश्रांती मजुरीतून कापायची नाही, असेही नमुन्यात आहे. काही ठेकेदारांना ते पटणार नाही. आमचे मत पक्के आहे.

मजुरीच्या कलमाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. दर, मोजमाप, देण्याचा दिवस. वेतन संहितेप्रमाणे रोजंदारीचे पैसे त्या दिवसाचे काम संपताच, आठवड्याचे सुट्टीच्या आधी, आणि कामावरून काढले किंवा माणूस सोडून गेला तर दोन कामाच्या दिवसांत द्यायचे असतात. मजुरी दिली की नाही असा वाद झाला तर दिल्याचे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर आहे, म्हणून पावतीची गरज मजुराइतकीच मालकालाही आहे. जुने कवेलू उतरवताना काही फुटणारच. त्याची कपात नाही. उचल लिहावी, ती कोणत्या हप्त्यांत वळती होणार तेही लिहावे. ‘उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येणार नाही’ असे वाक्य मात्र कुणी घालू नये. उचलीपोटी माणूस बांधून ठेवणे ही वेठबिगारी आहे आणि १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

घरमालकाची बाजू आम्ही विसरलेलो नाही. संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढेच छप्पर उघडायचे, ढग दिसले तर ताडपत्री टाकल्याशिवाय टोळीने निघायचे नाही, आणि घेतलेले काम अर्धे टाकून दुसऱ्या गावी जायचे नाही, ही तीन कलमे मिस्त्रीवर बंधनकारक आहेत. उघड्या घरात धानाची पोती भिजलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यांची गरज सांगावी लागणार नाही.

पण घरमालक स्वतःच गरीब असेल तर? घरकुलाच्या लाभार्थ्याला सपाट भागात मूळ अनुदान म्हणून १,२०,००० रुपये मिळतात, हप्त्याहप्त्याने. त्याचा स्लॅब पडून कुणी दगावले तर तेरा लाख तो कुठून आणणार? या प्रश्नाला पुस्तिकेत समाधानकारक उत्तर नाही, आणि आहे असे दाखवणे बरे नव्हे. सेंट्रिंगचा ठेकेदार घेतला असेल तर जबाबदार व्यक्तीच्या जागी त्याचेच नाव यावे, एवढे पाहता येते. कामाआधी प्रत्येक मजुराचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू आहे का ते विचारता येते. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. नमुन्यात त्यासाठी रकाना आहे. या विम्याने मालकाची जबाबदारी संपत नाही, पण घरात काही तरी पोचते. खरे तर घरकुलाच्या मंजुरीबरोबरच त्यावर राबणाऱ्यांचा अपघात विमा सरकारने उतरवावा. हप्ता वाटताना जिओ-टॅग केलेला फोटो मागता येतो, तर मजुरांची नावेही मागता येतील.

बाहेर जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. लाखांदूर, साकोलीकडच्या टोळ्या नागपूरला जातात, हैदराबादला जातात. तिकडे कुणी पडले तर ‘तिकडच्या कोर्टात कोण फिरणार’ म्हणून दावा सोडून दिला जातो. भरपाईचा दावा कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात तिथेही करता येतो. १९९५ च्या दुरुस्तीपासून ही सोय आहे. त्यासाठी कामाचे ठिकाण, तिथल्या ठेकेदाराचे नाव-पत्ता आणि मजुराला कामावर नेणाऱ्या मुकादमाचे नाव घरी ठेवलेल्या कागदावर असले पाहिजे. म्हणून या नमुन्याच्या तीन प्रती करायच्या आहेत आणि तिसरी बायको, आई किंवा जे कोणी मागे राहील त्याच्याजवळ द्यायची आहे.

मुद्रांकाविषयी सारखे विचारले जाते. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा किरकोळ दस्तांचा मुद्रांक १०० वरून ५०० रुपये झाला. दोन दिवसांच्या कवेलूच्या कामाला पाचशेचा मुद्रांक कुणी घेणार नाही, आणि तो नाही म्हणून काही लिहायचेच नाही हा शहाणपणा नव्हे. छोट्या कामाला हजेरी-पावती पुरे. हंगामभराच्या किंवा मोठ्या ठेक्याला मुद्रांक जरूर घ्यावा आणि त्याचा खर्च ठेकेदाराने करावा. मजकूर मराठीत असावा, सही करण्याआधी मोठ्याने वाचून दाखवावा, आणि अंगठा देणाऱ्याच्या नावाखाली कुणी वाचून दाखवले त्याची सही घ्यावी. अठरा वर्षांखालच्या पोराला कुणीही छपरावर चढवू नये. त्याच्या नावाचा कागद करून ते काम नियमात बसत नाही.

हे नमुने पहिल्या आवृत्तीचे आहेत. वापरताना एखादे कलम अडले, ठेकेदाराने ते खोडायला लावले, कामगार कार्यालयाने हरकत घेतली, तर ते समासात लिहून आमच्याकडे पाठवा; पुढच्या आवृत्तीत सुधारणा होईल. तोवर एवढे करा. शिडी लावायच्या आधी कागद भरा, एकही जागा कोरी सोडू नका, आणि मजुराची प्रत मजुराच्याच हातात द्या.